उन्हातली गिटार

"बेल्ट दाखव," इनास मामा म्हणाला.

मी शर्टाचं टोक वर करून बेल्ट दाखवला. शनिवारची संध्याकाळ होती. मी सायकल दामटत त्याच्या वाडीत आले होते, धाप अजून बसली नव्हती, आणि समोरच्या खाटेवर ती काळी पेटी होती. बंद.

"बक्कल पितळेचं आहे. गिटारच्या पाठीवर घासणार. उद्या बेल्ट नको."

"उद्या युनिफॉर्म आहे, मामा. बेल्ट नसतो."

"बटणं?"

"मागच्या बाजूला."

"गळ्यात काय आहे?"

"क्रूस."

"तो पाठीवर टाकायचा."

"क्रूस पाठीवर?"

"देवाला चालतं. पॉलिशला चालत नाही."

कातरीन मामी ओसरीवर विड्याच्या पानांच्या जुड्या बांधत बसली होती. तिने मान खालीच ठेवली, पण तिचे खांदे हलताना मला दिसले.

त्या दिवशी मामाने मला डोक्याचे केस काढून यायला सांगितलं असतं तरी मी आले असते. आमच्या क्वायरची गिटार दुपारीच माझ्या हातात मोडली होती. ती चर्चच्या मागच्या खोलीत, पत्र्याखाली ठेवलेली असायची. एप्रिलच्या उन्हाने आतला डिंक सुटत आला असणार. मी वाजवत असताना तारा अडकवायची लाकडी पट्टी कट्‌कन वर आली आणि सगळ्या तारा एकदम सैल पडल्या. आमची गाणी बसवणाऱ्या मोनिका टीचरने डोक्याला हात लावला. दुसऱ्या दिवशी गायनमंडळांची स्पर्धा होती. वसईच्या किनाऱ्यावरची सहा गावं, समुद्राजवळचं मोकळं मैदान, आणि आमच्या गाण्यात गिटारशिवाय दुसरं वाद्यच नव्हतं.

गावात दुसरी चांगली गिटार एकाकडेच होती, आणि ती तो कुणाला देत नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

इनास मामा माझ्या आईचा थोरला भाऊ. तरुणपणी तो प्रवासी बोटीवर लागला. तिथल्या बँडमध्ये त्याने वर्षानुवर्षं गिटार वाजवली, गाणी म्हटली, आणि पन्नाशीला परत येऊन आजोबांची पानवेलीची वाडी करू लागला. आल्या आल्याच त्याने सांगून टाकलं होतं, की आता गाणं पुरे. लग्नात, सणाला कुणी आग्रह केला तर हात जोडायचा. पुढे लोकांनी विचारणं सोडलं. गिटार तेवढी मधूनमधून पेटीतून बाहेर यायची, पुसली जायची, सुरात लावली जायची आणि परत आत.

मामाने पेटी उघडली. मधाच्या रंगाची गिटार, इतकी चकचकीत की तिच्यात मला ओसरीवरचा बल्ब दिसला.

"मैदानावर छप्पर आहे?" त्याने विचारलं.

"स्टेजला मांडव घातलाय."

"समुद्राचा वारा खारा असतो. वाजवून झालं की लगेच पुसायची. हाताला क्रीम नको, मच्छरचं औषध तर अजिबात नको, त्याने पॉलिश चिकट होतं. घामाचा हात वरच्या बाजूला टेकवायचा नाही."

"मग वाजवू कशी?"

तो आत गेला आणि एक पांढरा मोजा घेऊन आला. बोटीवरच्या युनिफॉर्मचा असावा. माझ्यासमोर त्याने कात्रीने मोज्याचं टोक कापलं आणि माझ्या उजव्या हातात कोपरापर्यंत चढवला.

"असा घालायचा. घाम मोजा पिईल."

"मामा, लोक हसतील."

"हसू देत. आणि मी बरोबर येणार."

हे मात्र मला अपेक्षित नव्हतं. मी मामीकडे बघितलं. ती जुडीची गाठ मारत होती.

"त्याला येऊ दे," ती म्हणाली. "नाहीतर इथे मला छळेल."

दुसऱ्या दिवशी आमचा टेम्पो चर्चपाशी उभा होता. सगळे चढले होते आणि मी पुन्हा पुन्हा रस्त्याकडे बघत होते. मामा आला तो चालत. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत मोठी काळी छत्री आणि खांद्यावर पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली गिटारची पेटी.

"अंकल, हे कोण वारलं?" मागून सॅबी म्हणाला.

सगळा टेम्पो हसला. मामा हसला नाही. "काळी पेटी ऊन ओढते," एवढंच म्हणून तो चढला आणि पेटी आडवी मांडीवर घेऊन बसला. रस्त्याला खड्डा आला की तो पेटीसकट थोडा वर उचलला जायचा. मला लाज वाटत होती आणि त्याच वेळी इतका आनंद झाला होता की बसवत नव्हतं. मी अठरा वर्षांची होते. एवढ्या माणसांसमोर कधी वाजवलं नव्हतं. आणि वाजवणार होते ती गिटार परदेशातल्या बंदरात विकत घेतलेली, अख्खा समुद्र बघून आलेली होती.

मैदानावर पोचलो तर माणसांचा समुद्र. सगळ्या गावांतली झाडून सगळी माणसं आली होती. सरबताच्या गाड्या, फुगेवाले, वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी विकणाऱ्या बायका. आणि स्टेजवर मांडव नव्हता. सकाळच्या वाऱ्याने कापड फाडून नेलं होतं, नुसते बांबू उभे होते. त्यात स्टेजचं तोंड पश्चिमेला. दुपारचं सगळं ऊन सरळ गाणाऱ्यांच्या अंगावर.

मामा ते बघत उभा राहिला. मला वाटलं, संपलं. आता हा पेटी घेऊन घरी जाणार.

"आपला नंबर कितवा?" त्याने विचारलं.

"चौथा."

"म्हणजे ऊन अजून खाली येईल." त्याने छत्री उघडून बघितली, मिटली. "ठीक आहे."

आम्ही एका सुरूच्या झाडाखाली बसलो. मामा पेटी उघडू देईना. उन्हातून आणलेली आहे, जरा सावलीत शांत होऊ दे म्हणाला. मग स्वतःच उघडली, तारा लावल्या, मऊ जुन्या धोतराच्या फडक्याने अख्खी गिटार पुसली आणि माझ्या हातात दिली. स्टेजवर पहिलं गाव गात होतं. दुसऱ्या गावाकडे दोन गिटारी आणि एक ड्रम होता, लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मोनिका टीचरचा चेहरा उतरला.

"त्यांचा खालचा सूर बघ कसा आहे," ती माझ्या कानात म्हणाली. "सहा पुरुष आहेत. आपल्याकडे कोण, तर सॅबी आणि त्याचा भाऊ."

ते खरं होतं. सॅबी आणि त्याचा भाऊ दोघांचे आवाज नुकते फुटले होते, आणि दोघं मिळूनही एक पुरुष होत नव्हता. आमचं गाणं टीचरने स्वतः रचलेलं होतं. जाळं टाकून रात्रभर बसलेल्या कोळ्याची प्रार्थना, तीन कडव्यांची. त्यात खालचा सूर म्हणजे समुद्र होता, असं ती सरावात सांगायची. आमचा समुद्र गुडघाभर होता.

नंबर पुकारला गेला. आम्ही चढलो. मी मधोमध स्टुलावर बसले, हातात मोजा, क्रूस पाठीवर, समोर माईक. ऊन असं तोंडावर आलं की समोरची माणसं दिसेनात, नुसते रंग दिसत होते. मी गिटार मांडीवर घेतली आणि एकदम माझ्यावर सावली पडली.

वर बघितलं तर काळी छत्री. मामा माझ्या मागे उभा होता.

मैदानात हशा पिकला. स्पर्धा चालवणारे गोन्साल्विस सर, निवृत्त हेडमास्तर, माईकपाशी आले.

"छत्रीवाल्या काकांनी कृपया खाली यावं."

"गिटारला ऊन लागतं," मामा म्हणाला.

"सगळ्यांच्याच गिटारींना लागलं, इनास."

"त्यांच्या गिटारींचं मला माहीत नाही."

सरांनी माईकवर हात ठेवला, पण तो नीट बसला नव्हता, सगळं ऐकू जात होतं. "नियम आहे बाबा. स्टेजवर गाणारे आणि वाजवणारे सोडून कुणी नको. गेल्या वर्षी भांडणं झाली यावरून. जो वर उभा असेल त्याने गायलं पाहिजे."

परीक्षक बाई, मुंबईहून आलेल्या, पेन खाली ठेवून बघत होत्या. मामा हलला नाही. मला घाम फुटला, मोज्याबाहेरही. तेवढ्यात मोनिका टीचर पुढे झाली.

"सर, इनास अंकल आमच्या मंडळातच आहेत."

"कधीपासून?"

"पंधरा माणसं चालतात ना? आम्ही चौदाच आहोत."

"मी विचारलं, कधीपासून?"

"आजपासून," टीचर म्हणाली.

परत हशा. पण या वेळचा हशा वेगळा होता, लोक आमच्या बाजूने हसत होते. सर मामाकडे वळले. "मग तू गाणार आहेस?"

मी मान वळवून वर बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. छत्रीचा दांडा त्याने दोन्ही हातांनी धरला होता, आणि तो सरांकडे बघत नव्हता, मैदानाकडे बघत होता, त्या सगळ्या तोंडांकडे. मला एकदम जाणवलं, की हा आता खाली उतरणार. उतरला की गिटारही उतरणार.

"गाणार आहे," मी माईकमध्ये म्हणाले.

"रेजी," मामा मागून हळूच म्हणाला. एवढंच.

"ठीक आहे," सर म्हणाले. "करा सुरू."

मी सुरू केलं. पहिल्या ठोक्यालाच कळलं, की ही गिटार वेगळी आहे. आमच्या चर्चच्या गिटारला मारावं लागायचं, हिला नुसतं सांगावं लागत होतं. मुलींनी पहिली ओळ उचलली, मग वरचा सूर आला, मग सॅबी आणि त्याचा भाऊ, दोघंही घाबरून आणखी हळू. मामा गप्प होता. परीक्षक बाईंनी एकदा मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि काहीतरी लिहिलं. पहिलं कडवं संपलं. गोन्साल्विस सर पायऱ्यांपाशी हाताची घडी घालून उभे होते. मी मधला गिटारचा तुकडा वाजवला. मला वाटलं, आता आम्हाला बादच करणार.

दुसरं कडवं सुरू झालं आणि माझ्या पोटात काहीतरी घुमलं.

आधी मला कळलंच नाही. गिटारची पाठ माझ्या अंगाला टेकलेली होती आणि ती आपोआप थरथरत होती, मी छेडलेल्या तारांपेक्षा जास्त. मग आवाज कानांनी ऐकला. मामा गात होता. मोठ्याने नाही. तो आवाज जमिनीवरून पसरत आल्यासारखा आला आणि आमच्या सगळ्यांच्या खाली जाऊन उभा राहिला. शब्द बरोबर, सूर बरोबर, टीचरने मुलांना पन्नासदा शिकवूनही न जमलेली ती शेवटची लांबवायची जागासुद्धा बरोबर. सॅबीने दचकून मागे बघितलं आणि मग तोही मोकळा सुटला. मुलींचे आवाज वर चढले. खाली आधार मिळाल्यावर माणूस जसा बिनधास्त उडी मारतो, तशा त्या वर गेल्या. मोनिका टीचरचे हात हवेत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तिने ताल सोडला नाही. मैदानातली बडबड थांबली. सरबताच्या गाडीवरची घंटासुद्धा थांबली.

तिसऱ्या कडव्यात माझ्या हातावर ऊन आलं. मी खाली बघितलं. गिटारच्या मधाळ अंगावर लख्ख ऊन पडलं होतं, इतकं की डोळे दिपले. वर बघितलं तर छत्री कलंडून पार एका बाजूला गेली होती, माझ्या शेजारच्या मुलीच्या डोक्यावर. मामाला पत्ताच नव्हता. मान वर, डोळे मिटलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. मला पॉलिशची धास्ती वाटली. पण मी वाजवत होते आणि असं वाटत होतं की हे कडवं संपूच नये.

ते संपलं. क्षणभर नुसता समुद्र ऐकू आला. मग टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा. मामाने डोळे उघडले, छत्री बघितली आणि घाईघाईने ती परत गिटारवर धरली.

आमचा तिसरा नंबर आला. निकाल सांगताना परीक्षक बाई म्हणाल्या, "या मंडळाचा खालचा सूर आज मी ऐकलेला सगळ्यात चांगला. पण तो पहिल्या कडव्यात कुठे गेला होता, ते मला समजलं नाही. तिथे मार्क कमी करावे लागले."

घरी येताना टेम्पोत आम्ही सगळे नाचत होतो, तिसऱ्या नंबरचा कप एकमेकांच्या डोक्यावर ठेवत होतो. मामा कोपऱ्यात पेटी घेऊन बसला होता.

"पहिल्या कडव्यात गायला हवं होतं," तो म्हणाला. थोड्या वेळाने परत म्हणाला. गाव येईपर्यंत तेच चाललं होतं.

मला मात्र वेगळीच काळजी लागली होती. एक अख्खं कडवं गिटार उन्हात होती, आणि खाली उतरल्यावर मुलींनी मला मिठ्या मारताना तिच्यावर किती हात पडले होते कोण जाणे. मामाने तिला पुसायचंही विसरून पेटीत टाकलं होतं. चार-पाच दिवस मी वाट बघितली, पण निरोप काही आला नाही. शेवटी मीच वाडीवर गेले. मामा पानं घेऊन बाजारात गेला होता. मामी ओसरीवर एकटीच होती.

"मामी, गिटारला काही झालं का? पांढरे डाग, फोड?"

"कशाने?"

"उन्हाने. तिसऱ्या कडव्यात छत्री बाजूला गेली होती."

मामीने हातातलं पान खाली ठेवलं. आत जाऊन पेटी आणली, उघडली. गिटार होती तशीच होती. बल्ब दिसेल इतकी चकचकीत.

"तुला त्याने सांगितलं नाही?" ती म्हणाली. "हिचं मूळचं पॉलिश बोटीवरच गेलं होतं. खाऱ्या हवेने पापुद्रे निघाले होते सगळे. इथे आल्यावर त्याने नाक्यावरच्या गाड्या रंगवणाऱ्याकडून हिला गाडीचं पॉलिश मारून घेतलं. जाड. तो पेंटर म्हणाला होता, उन्हात टाका, पावसात टाका, काही होणार नाही."

मी गिटारकडे बघत राहिले. "मामाला हे माहीत होतं?"

"त्याच्यासमोरच मारलं की."

"मग छत्री कशाला घेतली? मोजा, चादर?"

मामीने पान उचललं, पुसलं, जुडीत लावलं. "मला काय विचारतेस."

मग तिने सांगितलं, "बोटीवर लोक जेवायचे आणि हा गायचा. रोज. काटे-चमच्यांच्या आवाजात. कुणी बघायचंसुद्धा नाही. त्या रागात आला आणि सगळ्यांना सांगत सुटला, गाणं पुरे. लोकांनी खरं मानलं. मग बोलून बसलेल्या माणसाने परत कसं फिरायचं? संध्याकाळी तुमचा सराव सुरू झाला की हा वाडीतला पंप बंद करतो. मोटार तापते म्हणतो. पंप नवा आहे."

आमचा सराव शाळेच्या वर्गात व्हायचा. मामाची वाडी त्या भिंतीच्या पलीकडेच होती.

तेवढ्यात फाटकाशी सायकल वाजली. मामीने पेटीचं झाकण लावलं. मामा रिकामी टोपली घेऊन आत आला, मला बघून थबकला.

"काय गं?"

"पावसाळ्यात परत कार्यक्रम आहे," मी म्हणाले. "शाळेच्या हॉलमध्ये."

"आत?"

"आत. ऊन नाही, वारा नाही. पंखे आहेत."

तो टोपली उपडी करून झटकत राहिला. त्यात काहीच नव्हतं. "मग ने गिटार. जपून वाजव."

"आणि तू?"

"माझं तिथे काय काम?"

मामीचे हात थांबले. मला सगळं बोलून टाकावंसं वाटत होतं, गाडीचं पॉलिश, पंप, सगळं. ओठांवर आलं होतं. आज पन्नाशीत मला नवल वाटतं, की त्या वयात मी ते गिळलं कसं.

"खालच्या सुराला माणूस नाही, मामा," मी म्हणाले. "सॅबी आणि त्याचा भाऊ कमी पडतात. तू येशील का गायला?"

तो मागच्या दारी गेला. नळ सोडल्याचा आवाज आला, आणि तो हात-पाय धुतोय तो धुतोच आहे. मी उठले, चपला घातल्या. तेव्हा आतून त्याचा आवाज आला.

"सराव सातला असतो ना?"

"साडेसहाला, मामा."

"सातलाच सुरू होतो," तो म्हणाला. "साडेसहापासून तुम्ही नुसत्या बोलत बसता."